जुन्या ट्रॅक्टरमधील तेले व द्रवपदार्थ

जुन्या शेती ट्रॅक्टरमध्ये इंजिन, गिअरपेटी, मागील अ‍ॅक्सल, हायड्रॉलिक उचल, स्टेअरिंग, ब्रेक, हवागाळणी आणि रेडिएटर या प्रत्येक भागासाठी विशिष्ट तेल किंवा द्रव वापरला जातो. या द्रवांची निवड व ठरावीक काळाने होणारा बदल यांवर यंत्राचे आयुष्य अवलंबून असते. मालवाहतूक करणाऱ्या ट्रॅक्टरच्या बाबतीत तर चालकाची व रस्त्यावरील इतरांची सुरक्षितताही त्यांवर अवलंबून असते. तेलाची किंमत किंवा जाडी हा निवडीचा योग्य निकष नव्हे. ज्या पेटीत ते भरायचे त्या पेटीतील धातू, घर्षणाचे पृष्ठभाग आणि रबरी सील यांवरून तेल ठरते. पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर या तालुक्यांत उसाची शेती, गळीत हंगामातील वाहतूक, कडक उन्हाळा, धूळ आणि क्षारयुक्त विहिरींचे पाणी या सर्व गोष्टी एकत्र येतात. त्यामुळे हा विषय समजून घेण्यास हा प्रदेश विशेष सोयीचा आहे.

पार्श्वभूमी

बारामती व इंदापूर हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्यामुळे आणि पुढे भीमेवरील उजनी धरणाच्या जलाशयामुळे येथे ऊस हे प्रमुख पीक झाले. माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगर येथील श्री छत्रपती हे सहकारी साखर कारखाने याच पट्ट्यात आहेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून साधारण मार्चपर्यंत चालणाऱ्या गळीत हंगामात शेतातून कारखान्याच्या वजनकाट्यापर्यंत ऊस नेण्याचे काम मोठ्या प्रमाणावर ट्रॅक्टर व त्यामागील एक किंवा दोन ट्रॉल्या करतात. हंगाम संपताच त्याच ट्रॅक्टरवर उन्हाळी नांगरटीचा भार येतो.

या कामांत वीस-तीस वर्षे जुने ट्रॅक्टरही आढळतात. असा ट्रॅक्टर दोन-तीन मालकांच्या हातून गेलेला असतो आणि मूळ माहितीपुस्तिका हरवलेली असते. कोणत्या पेटीत कोणते तेल आहे, हे नव्या मालकाला बहुधा आधीच्या मालकाच्या किंवा मिस्त्रीच्या सांगण्यावरूनच कळते. अडचण अशी की भारतातील जुने ट्रॅक्टर एका वंशातले नाहीत. आयशरने १९५९ मध्ये फरिदाबाद येथे जर्मन घडणीचा ट्रॅक्टर बनवण्यास सुरुवात केली. १९६० मध्ये मद्रास येथे स्थापन झालेल्या टॅफेने मॅसी फर्ग्युसनची रचना आणली. महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने बी-२७५ काढला. एचएमटीने चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरची रचना स्वीकारली, एस्कॉर्ट्सने फोर्डची, तर १९७४ मध्ये बाजारात आलेला स्वराज हा भारतीय आराखड्यावर आधारलेला होता. या प्रत्येक घराण्यात तेलाच्या पेट्यांची वाटणी वेगळी आहे. म्हणून एका ट्रॅक्टरला मानवलेले तेल शेजारच्या ट्रॅक्टरला मानवेलच असे नाही.

इंजिन ऑइल

इंजिन ऑइलच्या डब्यावर दोन स्वतंत्र गोष्टी छापलेल्या असतात आणि त्यांची नेहमी गल्लत होते. पहिली म्हणजे दाटपणा. तो एसएई या संस्थेच्या क्रमांकाने दर्शवतात, उदाहरणार्थ २०डब्ल्यू-४० किंवा १५डब्ल्यू-४०. यातील ‘डब्ल्यू’पूर्वीचा आकडा थंडीतील प्रवाहीपणा सांगतो व नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअस तापमानातील दाटपणा सांगतो. दुसरी गोष्ट म्हणजे तेलातील रासायनिक गुण. ते एपीआय या संस्थेच्या अक्षरांनी कळतात. डिझेल इंजिनांसाठी ही श्रेणी ‘सी’ने सुरू होते: सीएफ-४, सीएच-४, सीआय-४ इत्यादी. अक्षरक्रमात पुढचे तेल काजळी तरंगत ठेवणे, आम्लता मारणे आणि झीज रोखणे यांत सरस असते. सामान्यतः ते जुन्या इंजिनातही चालते.

बारामती परिसरात हिवाळ्यातील पहाटेही तापमान गोठणबिंदूच्या बरेच वर असते. त्यामुळे थंडीचा आकडा येथे फारसा निर्णायक ठरत नाही, आणि २०डब्ल्यू-४० हे तेल येथे दीर्घकाळ समाधानकारक वापरले गेले आहे. खरी कसोटी एप्रिल-मे महिन्यांत लागते. बाहेर चाळीस अंशांच्या पुढे पारा असताना पलटी नांगर ओढणाऱ्या इंजिनातील तेल अतिशय पातळ होते. या प्रकारचे तेल ४० अंशांवर जेवढे दाट असते त्याच्या सुमारे एक-अष्टमांश ते एक-नवमांश एवढाच दाटपणा १०० अंशांवर उरतो. बेअरिंग आणि क्रँक यांच्यामधील थर या उरलेल्या दाटपणावरच टिकतो.

धूर टाकणाऱ्या किंवा ऑइल खाणाऱ्या जुन्या इंजिनात मुद्दाम अधिक जाड तेल भरण्याची पद्धत सर्वत्र आढळते. त्याने काही काळ धूर कमी होतो व ऑइलचा दाब वाढलेला दिसतो. मात्र झिजलेली रिंग किंवा लायनर त्याने दुरुस्त होत नाही. उलट सकाळी इंजिन सुरू केल्यावर जाड तेल वरच्या भागापर्यंत पोहोचण्यास वेळ लावते आणि त्या वेळेत झीज वाढते. इंजिन दुरुस्तीला येईपर्यंतचा हंगाम निभावण्याचा उपाय, यापलीकडे या पद्धतीला महत्त्व देता येत नाही.

डिझेलमधील बदलाचाही येथे विचार करावा लागतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस भारतातील डिझेलमध्ये वजनाने एक टक्क्यापर्यंत गंधक चालत असे. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ मानकात ही मर्यादा दहा लाख भागांत दहा भाग एवढी खाली आली. गंधक जळून तयार होणारी आम्ले तेलातील अल्कधर्मी घटक संपवतात. जुन्या पुस्तिकांत तेलबदलाची मुदत कमी ठेवण्यामागे हे एक मोठे कारण होते. आजच्या डिझेलमुळे तो ताण कमी झाला आहे. धूळ, काजळी आणि तेलात उतरणारे डिझेल मात्र पूर्वीसारखेच आहेत. म्हणून इंधन स्वच्छ झाले, एवढ्यावरून जुन्या इंजिनाची मुदत वाढवणे योग्य ठरत नाही.

तासांची मोजणी

ट्रॅक्टरचे तेल किलोमीटरवर नव्हे, तर चाललेल्या तासांवर बदलतात. इंजिन ऑइलसाठी रचनेनुसार सुमारे १०० ते २५० तास, तर गिअरपेटीच्या तेलासाठी बहुधा १००० तासांच्या आसपास अशी मुदत दिलेली असते. जुन्या ट्रॅक्टरमधील यांत्रिक तासमापक इंजिनाच्या फेऱ्या मोजतो आणि ठरावीक वेगालाच घड्याळाएवढा तास दाखवतो. मंद गतीवर इंजिन चालू असेल तर तो मागे पडतो.

कारखान्याच्या आवारात वजनकाट्याच्या रांगेत इंजिन चालू ठेवून पुढे सरकणाऱ्या ट्रॅक्टरचे कित्येक तास अशा रीतीने नोंदलेच जात नाहीत. शिवाय मंद गतीवर इंजिन पुरेसे तापत नाही, डिझेल अपुरे जळते आणि त्याचा काही अंश रिंगांवरून खाली चेंबरमध्ये उतरतो. म्हणजे मापकावर कमी तास दिसत असतानाच तेल अधिक खराब होत असते. अनेक जुन्या ट्रॅक्टरांचा मापक मुळात बंदच असतो. अशा वेळी हंगामापूर्वी एकदा, हंगामाच्या मध्यावर आणि नांगरटीला लागण्यापूर्वी एकदा असा हिशेब धरणे अधिक भरवशाचे होय.

गिअरपेटी, मागील अ‍ॅक्सल व हायड्रॉलिक

सर्वांत जास्त चुका या भागात होतात, कारण तेथे बाहेरून न दिसणारा एक फरक असतो: पेट्या स्वतंत्र आहेत की सामाईक. हॅरी फर्ग्युसन यांच्या परंपरेतील ट्रॅक्टरांत (उदा. मॅसी फर्ग्युसन ३५ आणि त्यावरून आलेला १०३५) हायड्रॉलिक पंप मागील पेटीच्या आतच तेलात बुडालेला असतो. गिअर, क्राऊन व पिनियन, तसेच नांगर उचलणारी उचल ही सर्व एकाच तेलावर चालतात. जुन्या फोर्ड घराण्यात गिअरपेटीचे तेल वेगळे असते, तर मागील अ‍ॅक्सल व हायड्रॉलिक यांचे तेल एकत्र असते. काही रचनांत उचलीसाठी पूर्ण वेगळी टाकी दिलेली असते.

स्वतंत्र गिअरपेटीत ९० क्रमांकाचे गिअर ऑइल योग्य ठरते. त्याच्या दातांवरील दाब सोसणाऱ्या गुणांना ईपी असे म्हणतात. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. गिअर ऑइलचे ९० आणि इंजिन ऑइलचे ४० हे आकडे एकाच मोजपट्टीवरील नाहीत. ९० क्रमांकाच्या गिअर ऑइलचा दाटपणा साधारणपणे ४० ते ५० क्रमांकाच्या इंजिन ऑइलएवढा असतो. सामाईक पेटीत मात्र ‘गिअरसाठी जाड तेल चांगले’ या समजुतीने १४० क्रमांकाचे तेल ओतल्यास पंपाला ते सकाळी खेचता येत नाही. पंपात पोकळी निर्माण होऊन तो आवाज करू लागतो, उचल सावकाश वर येते आणि कालांतराने पंपाचे भाग झिजतात. दुरुस्तीसाठी पेटी उघडावी लागते, त्यामुळे तेलात वाचवलेले पैसे मजुरीतच जातात.

गिअर ऑइलच्या जीएल-४ आणि जीएल-५ या श्रेणींतही असाच धोका आहे. जीएल-५ मध्ये गंधक व फॉस्फरसयुक्त घटक सुमारे दुप्पट असतात. ते पोलादी दातांचे उत्तम रक्षण करतात. परंतु काही जीएल-५ तेलांतील क्रियाशील गंधक तांबे आणि कासे यांवर रासायनिक परिणाम करते. जुन्या ट्रॅक्टरच्या पेटीत कास्याचे बुश व वॉशर असतात. त्यामुळे क्रमांक वरचा म्हणून जीएल-५ घेणे अशा ठिकाणी हितावह नसते. निर्मात्याने स्पष्ट सांगितले नसेल तर जीएल-४ पुरेसे असते.

सामाईक पेट्यांसाठी ‘युटीटीओ’ या नावाने ओळखले जाणारे सार्वत्रिक ट्रॅक्टर तेल तयार करण्यात आले. ते गिअर, हायड्रॉलिक व तेलात बुडालेले ब्रेक या तिन्ही कामांस चालते, पण इंजिनात चालत नाही. ‘एसटीओयू’ या दुसऱ्या प्रकारात इंजिनाचाही समावेश होतो. दोन्ही नावे सारखी वाटत असल्याने खरेदीच्या वेळी डब्यावरील उपयोग वाचून घ्यावा लागतो.

पस्तीस-चाळीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरच्या इंजिनात साधारण सहा ते आठ लिटर तेल लागते. सामाईक मागील पेटीत ते पंचवीस-तीस लिटर किंवा त्याहून अधिक लागते. या खर्चामुळे गिअर ऑइल वर्षानुवर्षे बदलले जात नाही, फक्त वरून भर घातली जाते. जुन्या तेलात नवे कोणते मिसळले याची नोंद न राहिल्याने काही वर्षांनी पेटीत नेमके काय आहे हे कोणालाच सांगता येत नाही. अशा परिस्थितीत एकदा पूर्ण तेल काढून, तळाचा गाळ धुऊन, नव्याने सुरुवात करणे हाच निश्चित मार्ग उरतो.

पाणी शिरणे

पेटीतील तेल खराब करणारा येथील मुख्य शत्रू पाणी आहे. गिअरच्या दांड्याखालील फाटलेले रबरी आवरण, सैल टोपण, चिखलात रोटाव्हेटर चालवणे, कालव्यावर ट्रॅक्टर धुणे आणि पावसाळ्यात उघड्यावर उभा राहणे या वाटांनी ते आत जाते. पाणी मिसळलेले तेल दुधाळ, चहासारखे दिसते. पाणी तेलापेक्षा जड असल्याने ट्रॅक्टर रात्रभर उभा ठेवून सकाळी तळाचा नट थोडा सैल केल्यास मोकळे पाणी प्रथम बाहेर येते. तेलाशी एकजीव झालेले पाणी मात्र असे निघत नाही, आणि ते तेल टाकूनच द्यावे लागते.

ब्रेक

ब्रेकच्या दृष्टीने जुने ट्रॅक्टर दोन गटांत मोडतात. पहिल्या गटात ड्रम किंवा कोरड्या डिस्कचे ब्रेक येतात आणि त्यांच्यापर्यंत तेल पोहोचता कामा नये. दुसऱ्या गटात तेलात बुडालेले ब्रेक येतात आणि त्यांना तेल लागतेच. भारतात एकाच मॉडेलच्या नावाखाली दोन्ही प्रकार विकले गेले असल्याने नावावरून निष्कर्ष काढता येत नाही.

कोरड्या ब्रेकच्या ट्रॅक्टरमध्ये मागील अ‍ॅक्सलचे ऑइल सील झिजले, किंवा पेटीत खुणेच्या वर तेल भरले, तर तेल ब्रेकच्या लायनिंगवर उतरते. एकाच बाजूचे सील गळत असल्यास ब्रेक दाबताच ट्रॅक्टर एका बाजूला खेचला जातो. रिकाम्या ट्रॅक्टरवर हा दोष किरकोळ वाटतो. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या मागे असताना उतारावर तोच दोष प्राणघातक ठरू शकतो, कारण ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक बहुधा नसतात आणि सर्व वजन ट्रॅक्टरच्या दोन चाकांनीच थोपवायचे असते. तेल पडलेले लायनिंग पेट्रोलने पुसून किंवा भाजून पुन्हा बसवले जाते, पण आत मुरलेले तेल गरम होताच वर येते. सील आणि लायनिंग दोन्ही बदलणे हाच उपाय आहे.

तेलातील ब्रेकमध्ये चूक उलट दिशेने होते. या डिस्कना पकड व सरक यांचा नेमका समतोल राखणारे घटक असलेले तेल लागते. साधे गिअर ऑइल भरल्यास ब्रेक दाबताना पेटी गुरगुरते, थरथरते किंवा ब्रेक उशिरा लागतो. हा आवाज म्हणजे बिघडलेल्या डिस्कचाच असतो असे नाही. अनेकदा योग्य तेल भरल्यावर तो थांबतो.

काही ट्रॅक्टरांत पेडलपासून चाकापर्यंत दाब पोहोचवण्यासाठी ब्रेक फ्ल्युइड वापरतात. डॉट-३ व डॉट-४ प्रकारचे हे द्रव खनिज तेल नसतात आणि हवेतील ओलावा शोषून घेतात. डॉट-३ चा उत्कलनबिंदू ताजेपणी किमान २०५ अंश असतो. ओलावा शोषल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. त्यात इंजिन किंवा हायड्रॉलिक तेल मिसळल्यास आतील रबरी वॉशर फुगून निकामी होतात.

रेडिएटरचे पाणी

समुद्रसपाटीपासून सुमारे ५४० मीटर उंचीवरील बारामतीत उघड्या भांड्यातील पाणी सुमारे ९८ अंशांना उकळते. रेडिएटरच्या झाकणातील स्प्रिंग आत दाब राखून हा बिंदू वर नेते. सुमारे अर्धा बार दाबाच्या झाकणामुळे तो ११० अंशांच्या आसपास जातो. म्हणून सैल झाकण किंवा त्याऐवजी लावलेले दुसरे टोपण हे उन्हाळ्यात पाणी उकळण्याचे साधे पण दुर्लक्षित कारण असते.

पाण्याचा दर्जा हा येथील खास प्रश्न आहे. नीरा कालव्याच्या लाभक्षेत्रात अति सिंचनामुळे जमिनी क्षारपड होऊ लागल्याचे विसाव्या शतकाच्या प्रारंभीच लक्षात आले होते. कृषी शास्त्रज्ञ हॅरल्ड मॅन यांनी सहकाऱ्यासह नीरा खोऱ्यातील क्षारयुक्त जमिनींवरील अभ्यास १९१० मध्ये प्रसिद्ध केला. अशा भागातील विहीर व बोअरचे पाणी तापले की त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार लायनरच्या बाहेरील बाजूवर आणि रेडिएटरच्या नळ्यांत दगडासारखे बसतात. हा थर उष्णता अडवतो. दर वेळी कमी झालेले पाणी बोअरच्या पाण्याने भरल्यास प्रत्येक भरणीबरोबर नवे क्षार आत जातात, त्यामुळे गळका रेडिएटर इंजिनाचे दुहेरी नुकसान करतो.

शुद्ध केलेले पाणी आणि ग्लायकॉलयुक्त कूलंट यांचे मिश्रण वापरण्याचे कारण येथे गोठण्यापासून संरक्षण हे नसून गंज रोखणे हे आहे. ओल्या लायनरच्या इंजिनात लायनरच्या कंपनांमुळे बाहेरील पाण्यात सूक्ष्म बुडबुडे फुटून धातूला खड्डे पडतात, आणि कूलंटमधील घटक ते रोखण्यास मदत करतात. जुन्या आयशरसारख्या हवेने थंड होणाऱ्या इंजिनांना हा प्रश्नच नसतो. त्यांच्या पंख्या धूळ व पाचटापासून स्वच्छ ठेवाव्या लागतात. गरम इंजिनाचे झाकण उघडल्यास उकळते पाणी उसळून गंभीर भाजण्याचे प्रकार घडतात, म्हणून इंजिन निवल्यावरच ते उघडतात.

हवागाळणी व डिझेल

जुन्या ट्रॅक्टरांत तेलाची हवागाळणी असते. आत येणारी हवा खालच्या वाटीतील तेलावर आदळते आणि धूळ तेलात अडकते. वाटीत इंजिन ऑइलच वापरतात व ते खुणेपर्यंतच भरतात. धुळीच्या रस्त्यावर किंवा कोरड्या नांगरटीत ते रोज पाहणे इष्ट असते, कारण तळाशी चिखल साचून तेल दाट झाले की धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. खुणेपेक्षा जास्त तेल भरल्यास इंजिन तेच ओढून घेऊन अनियंत्रित वेगाने पळू शकते.

शेतावर पिंपात साठवलेल्या डिझेलमध्ये ओलावा जमतो. गाळणीखालील काचेच्या वाटीत दिसणारे पाणी वेळोवेळी काढले नाही तर डिझेल पंप व नोझल गंजतात. या वाटीची तपासणी खर्चाविना होणारी असूनही सर्वाधिक टाळली जाते.

बदलण्याची पद्धत

तेल बदलण्यापूर्वी ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून इंजिन थोडे तापू देतात. कोमट तेलाबरोबर गाळही बाहेर येतो. तळाच्या नटावर चिकटलेला बारीक धातूचा गाळ ही नेहमीची झीज असते. तुकडे किंवा पिवळसर चमक दिसल्यास मात्र बुश किंवा बेअरिंग झिजल्याचा संशय घेतात. फिल्टर व नटाखालील तांब्याचा वॉशर त्याच वेळी बदलतात. नवे तेल भरल्यावर इंजिन काही मिनिटे चालवून, बंद करून, तेल खाली उतरल्यावर पट्टीवरील पातळी पुन्हा पाहतात. दीर्घकाळ निकृष्ट तेलावर चाललेल्या इंजिनात नवे तेल साचलेली काजळी सोडवते व लवकर काळे पडते. अशा वेळी पहिला बदल निम्म्या मुदतीतच करतात.

पट्टीवरील पातळी कमी होण्यापेक्षा वाढणे अधिक चिंताजनक असते. तेलाला डिझेलचा वास येत असेल तर पंप किंवा नोझलमधून डिझेल उतरत असते. तेल दुधाळ असेल तर हेड गॅसकेट किंवा लायनरच्या रबरी रिंगेतून पाणी येत असते. दोन्ही स्थितींत ट्रॅक्टर चालवत राहिल्यास बेअरिंग निकामी होतात. क्लचच्या पेटीखाली एक लहान छिद्र असते व त्यात सहसा एक पिन लोंबत असते. तेथून थेंब पडू लागल्यास इंजिनाचे मागचे किंवा गिअरपेटीचे पुढचे सील गळत आहे असे समजते. हे छिद्र बुजवल्यास तेल क्लचप्लेटवर जाते.

वापरलेले तेल

काढलेले काळे तेल लाकडाला वाळवीपासून वाचवण्यासाठी, साखळ्यांना लावण्यासाठी किंवा बांधावरील गवत मारण्यासाठी वापरण्याची प्रथा आहे. त्यात झिजलेले धातू आणि ज्वलनातून आलेली विषारी संयुगे असतात. विहीर, ओढा किंवा कालव्याजवळ ते ओतल्यास पाणी दूषित होते आणि त्वचेला वारंवार लागणेही अपायकारक असते. भारतात २०१६ च्या घातक कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात गणले जाते आणि त्यावरील पुनर्प्रक्रिया परवानाधारक उद्योगांनीच करावयाची असते. बंद डब्यात, पाणी व कूलंट न मिसळता साठवलेले तेल गॅरेजमार्फत अशा संकलनात देता येते. कूलंट वेगळे ठेवावे लागते. ते चवीला गोडसर व विषारी असल्याने उघड्या भांड्यात राहिल्यास जनावरे ते पिण्याचा धोका असतो.